माजघराच्या दाराचे स्पीकर केले, पण खर्ज कुठं गेला?

रंकाळ्याकाठी | ९ जून

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आता अडलोय म्हणून धागा काढतोय.

मंगळवार पेठेतलं आमचं जुनं घर यंदा उन्हाळ्यात दुरुस्तीला काढलं. त्यात माजघराचं सागवानी दार निघालं, दोन झडपांचं. सुताराकडं त्याला लगेच गिऱ्हाईक तयार होतं. आई म्हणाली, दार घराबाहेर जाणार नाही. म्हटलं बरं झालं, कारण दोन वर्षं डोक्यात एक किडा वळवळत होता. एकेक झडप ५२ सेंटिमीटर रुंद, पावणेदोन मीटर उंच. दोन झडपा, दोन स्पीकर. ओपन बॅफल!

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी: स्पीकरचा कोन, म्हणजे तो कागदी शंकू, पुढची हवा ढकलतो तेव्हाच मागची हवा ओढत असतो. म्हणजे पुढून जो आवाज निघतो तोच मागूनही निघतो, फक्त उलटा. नेहमीच्या स्पीकरमध्ये हा मागचा आवाज खोक्यात कोंडतात. इथं खोकंच नाही. फळी, फळीला भोक, भोकात स्पीकर, संपलं. आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांनी उघडून पाहिलाय त्यांना मागचा भोकाभोकांचा पुठ्ठा आठवत असेल. तोही याच जातीचा. आणि त्या रेडिओत बातम्या सांगणारा माणूस खोलीत बसल्यासारखा वाटायचा, हे मला अजून आठवतंय.

माझी जुळणी अशी: खाली १५ इंची वूफर, वर ८ इंची फुल रेंज, मध्ये साधा कॉइल-कपॅसिटरचा क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे सूर वूफरला आणि वरचे ८ इंचीला वाटून देणारा. वूफर ओळखीच्या एका डॉल्बीवाल्याकडून जुने घेतले. चुंबक एवढं जड की एका हातानं उचलत नाही. स्वस्तात मिळाले, खूश होतो.

आमच्या घरात गाणं म्हणजे जयपूर-अत्रौली. वडील देवल क्लबच्या मैफलींना जाऊन जाऊन पिकलेले. पहिल्यांदा केसरबाई लावल्या. गळा असा समोर आला की वडील खुर्चीत सरसावून बसले. पाचएक मिनिटांनी म्हणाले, "तंबोरा कुठाय?"

खरंच नव्हता. जोडाच्या तारा ऐकू येतात, खर्ज नाही. म्हटलं जुनी रेकॉर्ड, तिच्यात मुळातच नसेल. म्हणून अलीकडचं स्वच्छ रेकॉर्डिंग लावलं. तेच. डग्गा म्हणजे पुठ्ठ्यावर टिचकी. बेसचं बटण पार शेवटापर्यंत फिरवलं. कोन डोळ्यांना दिसेल इतका नाचतो, आवाज काही येत नाही. वायरी तीनदा उलटसुलट करून पाहिल्या.

काय चुकलं?

बेसवाला_बंड्या | ९ जून

भावा दार लई भारी. पण वूफर चुकलास. डॉल्बीचा १५ इंची माल खोक्यात बसवायसाठी केलेला असतोय, पोर्टच्या खोक्यात, म्हंजे हवेला भोक ठेवलेल्या. तेचं चुंबक कोनाला घट्ट धरून ठेवतंय. आमी बी एकदा रिकाम्या फ्रेमवर टेस्टिंगला लावलावता, निस्ता टकटक आवाज. खोक्यात टाकला की तोच वूफर छातीत बसतोय.

आनि बेस वाढवू नगंस, कॉईल जळंल. मग कोन बदलायला माझ्याकडंच येशील 😄

मुळाकाठ | १० जून

धागाकर्ते, वाईट वाटून घेऊ नका, पण खोकं माणसानं काही उगाच शोधलेलं नाही. एडगर व्हिलचरनं १९५४ मध्ये बंद खोक्यातल्या हवेचीच स्प्रिंग केली आणि पुस्तकांच्या कपाटात मावेल अशा स्पीकरमधून खरा बेस काढून दाखवला. त्याआधी चांगल्या बेससाठी कपाटाएवढी धुडं लागत. तुम्ही सत्तर वर्षं मागं निघालाय. दार दाराच्या जागी लावा, चांगले छोटे बुकशेल्फ स्पीकर घ्या, गाणं ऐका.

सुतारपक्षी | १० जून

फोटो पाहिला. वूफर जिथं बसवलाय तिथं झडपेच्या चौकटीतली मधली पातळ फळी आहे ना? जुन्या दारांत ती खाचेत नुसती सरकवलेली असते, चिकटवत नाहीत, कारण लाकूड पावसाळ्यात फुगतं. म्हणजे स्पीकर सुट्या फळीवर बसलाय. हाताच्या सांध्यांनी टकटक करून बघा, ढोलकीसारखी वाजेल.

मागून १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय चौकटीला स्क्रूनं आवळा. सागाला फेविकॉल लावू नका, म्हणजे कधीकाळी दार परत दार करता येईल. एमडीएफच्या नादाला कोल्हापुरात लागूच नका. जुलैत कडा फुगून पावासारख्या होतात.

कोमल_रे | १० जून

खर्जाबद्दल थोडं, कारण तो माझ्या रोजच्या कामाचा आहे. पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरली तर मधला षड्ज १३८-१३९ हर्ट्झला येतो. तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९. बायकांची पट्टी वर, तर तिथला खर्जही वर. म्हणजे तुम्हाला डॉल्बीसारखा ३० हर्ट्झचा गडगडाट नकोच आहे. ६० पर्यंत सरळ आलं तर तंबोरा पुरा उभा राहील.

एक मात्र सांगते. खर्जाची तार नुसती ६९ वर वाजत नाही. जवारीतून तिचे वरचे स्वर खूप निघतात, आणि कान त्यावरून खालचा षड्ज मनात भरून काढतो. एवढं असूनही बाबांना तंबोरा नाही असं वाटलं, म्हणजे तुमच्याकडं खालचं अगदीच साफ झालंय.

भट्टीवाला | ११ जून

उद्यमनगरात चाळीस वर्षं पॅटर्न आणि कास्टिंगमध्ये काढली, आता घरी बसून हेच उद्योग करतो. बंड्याचं निदान बरोबर आहे, त्याला आकड्यांची जोड देतो.

दोन वेगळे रोग आहेत आणि ते एकत्र झालेत.

पहिला फळीचा. मागचा उलटा आवाज फळीच्या कडेवरून वळून पुढं येतो आणि पुढच्याला खातो. स्पीकरपासून कडेपर्यंतचं अंतर तुमच्याकडं साधारण २६ सेंटिमीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरा. लहरीची लांबी या अंतराच्या सहापट होते तिथपर्यंत उघडा स्पीकर खोक्यातल्याच्या बरोबरीनं वाजतो. ३४५ भागिले १.५६, म्हणजे २२० हर्ट्झ. त्याखाली दर सप्तकाला ६ डेसिबलनं घसरण. कोमलताईंच्या ६९ पर्यंत येईतो १० डेसिबल गेले. ४८ पर्यंत १३.

दुसरा रोग वूफरचा. प्रत्येक वूफरला स्वतःची एक स्वाभाविक कंपनसंख्या असते, तिला एफएस म्हणतात. त्या ठिकाणी चुंबक आणि स्पायडर (कोनाला मागून धरणारं कापड) मिळून कोनाला किती आवरतात ते क्यूटीएस या आकड्यानं कळतं. आकडा लहान म्हणजे लगाम घट्ट. सोपी गोष्ट लक्षात ठेवा: एफएसपाशी वूफरची पातळी क्यूटीएसच्या पटीत असते. क्यूटीएस १ असेल तर घट नाही. ०.७ असेल तर ३ डेसिबल घट. ०.३ असेल तर साडेदहा! डॉल्बीचे जड चुंबकाचे वूफर या शेवटच्या गटातले. खोक्याचा पोर्ट ती घट भरून काढतो. तुमच्याकडं पोर्ट कुठला?

म्हणून उघड्या फळीला ०.७ च्या वरचे वूफर शोधतात. अमेरिकेतल्या एमिनेन्सचा अल्फा १५ए हा या मंडळींचा जुना लाडका, त्याचा क्यूटीएस सव्वाच्या घरात. आपल्या नेहमीच्या हिशेबानं तो 'कमजोर चुंबकाचा' वूफर. आजोबांच्या रेडिओतला स्पीकरही तसाच होता, म्हणून पुठ्ठ्याच्या पाठीवर चालला.

पण मी म्हणतो म्हणून मानू नका. मोजा.

अर्धवट_इंजिनिअर | ११ जून

वाचतोय, वाखुसा (वाचनखूण साठवली). काका, मोजायचं कसं तेही लिहा. यंत्र परवडणारं नाही.

भट्टीवाला | ११ जून

यंत्र नको. १ किलोओहमचा रेझिस्टर, अँप, मोबाईलमधलं टोन जनरेटरचं अॅप आणि मल्टीमीटर. मीटर मात्र एसी मिलिव्होल्ट दाखवणारा हवा. बाजारातल्या पिवळ्या स्वस्त मीटरला एसीत २०० व्होल्टच्या खाली रेंजच नसते. त्यावर मोजायला बसलात तर शून्य दिसेल आणि मला शिव्या घालाल.

अँपच्या आउटपुटला १० व्होल्ट ठेवा. रेझिस्टर आणि वूफर एकामागोमाग जोडा. करंट जवळजवळ ठरलेला राहतो, १० मिलिअँपिअर. मग वूफरच्या टोकांवर जितके मिलिव्होल्ट, त्याला १० नं भागा, तितके ओहम. खात्रीसाठी आधी वूफरच्या जागी १० ओहमचा रेझिस्टर लावून १०० मिलिव्होल्ट येतात का बघा. वूफर मोकळ्या हवेत, हातात किंवा टांगून. गादीवर पालथा टाकू नका.

आता २० हर्ट्झपासून वर सरका. मीटर चढत जाईल, एका ठिकाणी शिखर गाठेल आणि उतरेल. शिखराची जागा म्हणजे एफएस. शिखराच्या ओहमला डीसी रेझिस्टन्सनं भागा, त्या भागाकाराचं वर्गमूळ काढा. डीसी रेझिस्टन्स गुणिले ते वर्गमूळ, एवढे ओहम शिखराच्या दोन्ही बाजूंना कुठं येतात ते शोधा. या दोन जागांमधलं अंतर जितकं रुंद, तितका क्यूटीएस लहान. सूत्र असं: एफएस गुणिले वर्गमूळ, भागिले ते अंतर, हा झाला क्यूएमएस. त्याला पहिल्या भागाकारानं भागलं की क्यूटीएस.

रंकाळ्याकाठी | १५ जून

मोजलं. पिवळा मीटर बाजूला ठेवून शेजाऱ्यांचा चांगला मीटर आणला.

डीसी ५.५ ओहम. शिखर ८८ ओहम, ४८ हर्ट्झला. भागाकार १६, वर्गमूळ ४. म्हणजे २२ ओहमच्या जागा शोधायच्या. त्या सापडल्या ३२ आणि ७२ हर्ट्झला. ४८ गुणिले ४ भागिले ४०, क्यूएमएस ४.८. त्याला १६ नं भागलं.

०.३०.

काका, तुमच्या तोंडात साखर पडो असं म्हणवत नाही. फळीचे १३ आणि वूफरचे साडेदहा, मिळून ४८ हर्ट्झला मी २४ डेसिबल खड्ड्यात. बेसचं बटण शेवटापर्यंत फिरवून १०-१२ मिळतात.

अर्धवट_इंजिनिअर | १५ जून

नवीन वूफर घ्यायच्या आधी एक करून बघा. वूफरच्या वाटेत ५.६ ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर टाका. रेझिस्टन्स दुप्पट झाला की चुंबकाचा लगाम निम्मा होतो. तुमच्या आकड्यांवर क्यूटीएस ०.५७ च्या आसपास यायला हवा. पन्नास रुपयांत काम.

रंकाळ्याकाठी | १७ जून

टाकला. ऐकायला फरक पडला, बेस थोडा पुढं आल्यासारखा वाटला. पण एकूण आवाज पडला आणि रेझिस्टरवर भाकरी भाजेल इतका तापला. फसवणूक होतेय का?

भट्टीवाला | १७ जून

फसवणूक नाही, पण नफाही नाही. एफएसपाशी वूफर स्वतःच ८८ ओहम आहे, तिथं ५.६ नं काय फरक पडणार? अर्धा डेसिबल. बाकी सगळीकडं तो ६-७ ओहम आहे, तिथं मात्र आवाज ६ डेसिबलनं खाली आला. खर्ज वाढला नाही, बाकीचं उतरून खर्जाच्या जवळ आलं. ज्याच्याकडं अँपची ताकद उतू चाललीय त्यानं करावं.

मुळाकाठ | १८ जून

म्हणजे शेवटी माझंच खरं 🙂

कोमल_रे | १८ जून

@मुळाकाठ, थोडं थांबा. काल मी रंकाळ्याकाठींच्या घरी जाऊन ऐकून आले. खालचं नाही हे खरंच. पण गळा! खोक्यातल्या स्पीकरमध्ये आवाजाला मागून एक पातळ घुमारा चिकटलेला असतो. तो आहे हे इतकी वर्षं मला कळलंच नव्हतं. तो नसल्यावर कळलं. मींडमध्ये दोन स्वरांच्या मधलं जे असतं ते असं उघडं पडतं की रियाझाला बसावंसं वाटलं.

तक्रार एकच. आवाज किंचित नाकात आहे. आणि स्पीकर भिंतीला टेकवून ठेवलेत, ते पाहून मला कसंसंच झालं.

भट्टीवाला | १९ जून

नाकातलं कारण सांगतो. कडेचं अंतर लहरीच्या निम्मं होतं तिथं मागचा आवाज पुढच्यात मिळतो, खात नाही. २६ सेंटिमीटरला ते येतं ६६० हर्ट्झच्या आसपास, तिथं फुगवटा. आणि लहर त्या अंतराएवढी झाली की खड्डा, १३२५ च्या आसपास. फळी चौकोनी असल्यानं खड्डा पूर्ण होत नाही, पण भोक बरोबर मधोमध असेल तर दोन्ही कडा एकाच सुरात बोलतात. भोक मध्यापासून ५-६ सेंटिमीटर बाजूला सरकवायचं असतं, आणि डाव्या-उजव्या झडपा एकमेकींचं आरशातलं रूप ठेवायच्या.

भिंतीचं: स्पीकर भिंतीपासून निदान १ मीटर पुढं. मागचा आवाज भिंतीवर आपटून परत येईतो २ मीटर जादा चालतो, म्हणजे जवळपास ६ मिलिसेकंद. एवढ्या उशिरानं आलेला आवाज कान 'खोली' म्हणून वेगळा ठेवतो. टेकवून ठेवलात तर तो गळ्यातच मिसळतो आणि सगळा चिखल.

बाजूच्या भिंतींची काळजी कमी. उघड्या फळीचा आवाज इंग्रजी आठाच्या आकारात पसरतो. पुढं आणि मागं पूर्ण, बरोबर कडेला जवळजवळ शून्य. तेही ऐकून बघा, स्पीकरच्या बाजूला काटकोनात उभे राहा. आवाज विझल्यासारखा होतो.

मुळाकाठ, १९२५ साली राइस आणि केलॉग यांनी आजचा मूव्हिंग कॉईल स्पीकर मांडला तेव्हा तोही बॅफलवरच बसवला होता. १९५७ चा क्वाडचा इलेक्ट्रोस्टॅटिक, ज्याला आजही लोक गळ्यासाठी नावाजतात, त्यालाही पाठीशी खोकं नाही. मागं जाणं नेहमीच वाईट नसतं.

सुतारपक्षी | १९ जून

भोक सरकवायचं म्हणे! काका, भोक काय कोट आहे का बटण बदलायला 😀

बेसवाला_बंड्या | १९ जून

+१. आता दुसरं दार काढा, देवघराचं.

रंकाळ्याकाठी | २० जून

देवघराचं नाव काढलं तर आई मलाच दारात उभं करेल.

ठरवलंय. झडपेत फक्त ८ इंची ठेवायचा. खालचं भोक प्लायनं बंद. वूफर वेगळे, 'एच' आकाराच्या चौकटीत. काका, मापं बघता का? पुढून मागपर्यंत ४० सेंटिमीटर, आतली रुंदी ३४, प्रत्येक बाजूला दोन १२ इंची.

भट्टीवाला | २० जून

मापं ठीक. चौकटीच्या मधोमध पडदा, पडद्यावर वूफर, म्हणजे पुढचं तोंड आणि मागचं तोंड यांत ४० सेंटिमीटरचा वळसा. बरोबरीची रेषा २२० वरून १४४ हर्ट्झला आली. बदल्यात चौकटीच्या पोकळीला स्वतःचा एक सूर येतो, तीनशे-साडेतीनशेच्या घरात, बाटलीत फुंकल्यासारखा. म्हणून क्रॉसओव्हर २०० च्या वर नेऊ नका.

दोन वूफर समांतर जोडले की ६ डेसिबलची बढत. अँपला ४ ओहम झेपतो ना, ते बघा. आणि एक लक्षात असू द्या: एकाच पातळीवर एक सप्तक खाली जायला खोक्यातल्या कोनाला चौपट हलावं लागतं, उघड्याला आठपट. ४५ च्या खाली हट्ट धरू नका. रेकॉर्ड प्लेअर असेल तर त्याची घरघरही कोन हलवून टाकते, ती खालून कापा.

रंकाळ्याकाठी | ६ जुलै

दोन आठवडे गायब होतो, क्षमस्व. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जाऊन आलो. लॅमिंग्टन रोडवर तिसऱ्या दुकानात चार १२ इंची मिळाले. हलकं चुंबक, मऊ सस्पेन्शन, दुकानदार म्हणतो, "हे कोणी नेत नाही, आवाज बसत नाही." म्हटलं द्या. घरी येऊन मोजले. एकाचे आकडे: डीसी ६, शिखर ५४ ओहम ४५ हर्ट्झला, भागाकार ९, वर्गमूळ ३. १८ ओहमच्या जागा ३६ आणि ५६.२५. क्यूएमएस ६.६७, क्यूटीएस ०.७४. बाकीचे तीनही ०.७ ते ०.८ मध्ये. त्या रात्री मी उगाचच घरात सगळ्यांशी फार गोड वागलो.

चौकटी १८ मिलिमीटर मरीन प्लायच्या. गोल कापायला सुतारपक्षींनी सांगितलेली युक्ती वापरली: राउटरला प्लायची पट्टी, पट्टीला मध्यावर खिळा. पहिलं भोक ३ मिलिमीटर मोठं झालं, त्याबद्दल बोलायचं नाही.

चौकटी रिकाम्याच हलक्या, वूफर जोरात हलले की सरकतात. मग उद्यमनगरात एका फाउंड्रीत बिडाच्या प्लेटा ओतून घेतल्या. ४० बाय ३० सेंटिमीटर, अडीच सेंटिमीटर जाड. एकेक साडेएकवीस किलो. तिथल्या माणसानं विचारलं कशाला, म्हटलं स्पीकरला. तो बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला.

आणि मग जोडलं. आणि बेस नाही!

शून्य. आधीपेक्षाही कमी. रात्रीचे अकरा, बाहेर धो धो पाऊस, मी फरशीवर बसून दोन्ही चौकटींकडं बघतोय. झालं असं होतं, प्रत्येक चौकटीत एक वूफर मी मुद्दाम पाठमोरा बसवला होता, चुंबक पुढं, कोनाच्या पुढच्या आणि मागच्या चालीतला फरक एकमेकांत विरावा म्हणून. पाठमोऱ्याची वायर उलटी करायची असते. ती केलीच नव्हती. एक ढकलतोय, दुसरा ओढतोय. दीड व्होल्टचा सेल टोकांना लावून एकेक तपासला. दोन्ही कोन एकाच दिशेला उडी मारायला हवेत. वायर उलटी केली.

त्यानंतरचं उद्या लिहितो.

अर्धवट_इंजिनिअर | ६ जुलै

अहो असं कुठं थांबतात का! पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

रंकाळ्याकाठी | ७ जुलै

तर. कॉइल-कपॅसिटरचा क्रॉसओव्हर काढून टाकला, मिनीडीएसपीचं छोटं डब्बं बसवलं, ते हेच वाटप डिजिटल गणितानं करतं. २ आत, ४ बाहेर. वरच्यांना जुना अँप, खालच्यांना क्लास डी जातीचा अँप. दुभाजन (क्रॉसओव्हरची जागा) १८० हर्ट्झला, लिंकविट्झ-रायली पद्धतीचं, सप्तकाला २४ डेसिबल. दोन्ही बाजू दुभाजनाच्या जागी ६ डेसिबल खाली असतात आणि मिळून सपाट होतात. हे १९७६ च्या निबंधातलं गणित. लिंकविट्झ नोकरीत ह्युलेट-पॅकर्डची मायक्रोवेव्ह मोजणारी यंत्रं करायचे आणि घरी उघडे स्पीकर. २०१८ ला ते गेले, पण त्यांचा एलएक्स५२१ स्पीकर लोक अजून घरी बांधतात. मला त्या माणसाबद्दल फार आपुलकी वाटते.

मायक्रोफोन लावून आरईडब्ल्यू या मोजणीच्या सॉफ्टवेअरवर मोजलं. काकांचा फुगवटा ६५० च्या जरा वर, जवळपास ४ डेसिबल. तो डीएसपीनं खाली दाबला. १३०० चा खड्डा मात्र तसाच ठेवला. तिथं आवाज आवाजाला खातोय, वाढवून दिला तरी तोही खाल्लाच जाणार. ४५ च्या आसपास ५ डेसिबल वाढवले, ३० च्या खाली सगळं कापलं.

६९ ला जवळजवळ काहीच वाढवावं लागलं नाही. हिशेब करून बघितला: चौकटीचे ६ गेले, वूफरचा अर्धा, दोन वूफरचे ६ परत आले.

वडिलांना काही सांगितलं नाही. संध्याकाळी पुरुष आवाजातला एक यमन लावला. गायक अजून बोलायचाय, नुसता तंबोरा चालू. वडील आतून चहा घेऊन आले आणि दारातच उभे राहिले. म्हणाले, "हं. लागला."

कोमल_रे | ७ जुलै

वा! येतेच ऐकायला. भिंतीपासून किती?

रंकाळ्याकाठी | ७ जुलै

१ मीटर १० सेंटिमीटर. आमची बाहेरची खोली सव्वाचार मीटर लांब, म्हणजे पाव खोली स्पीकरच्या मागं गेली. आई म्हणते, घरात माणसं मावत नाहीत आणि तुझी दारं खोलीच्या मधोमध उभी. आता बिडाच्या प्लेटांना खालून चाकं लावलीत. दिवसा भिंतीला, रात्री गाण्याला पुढं. शहाबादी फरशीवर खडूनं खुणा केल्यात. त्या आई रोज पुसते.

मुळाकाठ | ८ जुलै

पाव खोली हा आकडा लोकांनी नीट वाचावा. पुण्यातल्या माझ्या हॉलमध्ये सोफा काढल्याशिवाय हे होणार नाही. खोकं बेस देतंच, शिवाय जागाही वाचवतं. माझं मत कायम.

पण कोल्हापूरला आलो की ऐकायला येईन. पांढरा रस्सा धरून.

सुतारपक्षी | ८ जुलै

वरच्या झडपेला प्लाय आवळलात का? आणि कोयंडा काढू नका हं, तो शोभतो.

रंकाळ्याकाठी | ८ जुलै

आवळला. कोयंडा आहे तसा आहे, पण ८० हर्ट्झच्या आसपास खणखणायचा, त्याखाली नमद्याचा तुकडा अडकवलाय. तो आवाज शोधण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. मला वाटत होतं कॉईल घासतेय.

एक भानगड उरलीय. मागून सगळं उघडं असल्यामुळं आमच्या मांजरानं उजव्या चौकटीत, बरोबर वूफरच्या चुंबकाच्या मागं, संसार थाटलाय. अँप बंद असताना.

भट्टीवाला | ९ जुलै

मागून पातळ जाळीचं कापड लावा, आवाजाला अडथळा होत नाही. पावसाळ्यात कागदी कोनाला दमटपणा लागतो त्यापेक्षा मांजराचे केस परवडले, पण नखं नाहीत.

बेसवाला_बंड्या | ९ जुलै

ते सगळं ऱ्हाऊ दे. ते दोन १५ इंची काय केलंस? पडून आसतील तर मला दे परत. गणपतीच्या आत पोर्टची खोकी करतो तेंची, तेंच्या मापाची. खरा आवाज ऐकीव म्हणं मग तुला.

रंकाळ्याकाठी | ९ जुलै

जिन्याखाली आहेत, पोत्यात. शनिवारी ये. एकाच्या कडेला राउटर लागून ओरखडा गेलाय, तो बघून घे आधी, मग भावाचं बोलू.